बेशरम तोडून संपत नाही

नदीकाठच्या बेशरमाची बाजू घेणारे लोक गावोगाव भेटतात. हिरवे आहे, फुकट आहे, काठाची माती धरते, कुंपणाला चालते. मग त्याच्या वाटेला कशाला जायचे, असे ते म्हणतात. हा पूर्वपक्ष मला मुळीच मान्य नाही.

आधी कुंपणाचे बोलू. उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे झुडूप. गुरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून आपणच त्याच्या काड्या बांधावर खोचल्या. काडीच्या पेरापेराला मुळे फुटतात. बांधावरून ते ओढ्यात उतरले, ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणाच्या फुगवट्यावर. जायकवाडीच्या नाथसागराकाठीही ते आहे.

ते माती धरते, हे अर्धसत्य आहे. त्याच्या जाळीत गाळ अडतो खरा, पण तो प्रवाहाच्या वाटेतच अडतो. पात्र अरुंद होते आणि पुराचे पाणी समोरचा काठ कापते. दाट जाळीखाली गवतही तग धरत नाही. काठ धरायचाच तर वाळुंज, करंज, उंबर, लव्हाळा ही आपली मंडळी आहेत.

‘जनावरे खात नाहीत, मग अपाय कसला?’ हा युक्तिवाद टंचाईच्या वर्षी कोसळतो. चारा संपला की शेळ्या ते खातात आणि काहींना त्याची चटकच लागते. त्यातले स्वेन्सोनिन हे विष पेशींतल्या एका विकराचे काम अडवते. न मोडलेल्या शर्करा चेतापेशींत साचत जातात. शेळी रोडावते, थरथरते, चालताना झोकांडते. पाच-सहा शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला हा अपाय किरकोळ नाही.

काढायला हात घालण्यापूर्वी मात्र ओळख पक्की हवी. नाळीच्या भाजीचे फूल बेशरमासारखेच फिकट जांभळे, नरसाळ्याच्या आकाराचे, आणि देठही पोकळ. पण नाळी चिखलावर, पाण्यावर पसरते. बेशरम उभे वाढते, पुरुषभर उंचीच्याही वर जाते. पाने मोठी, हृदयाकृती, टोकाला निमुळती. फांदी मोडली की दुधाळ चीक येतो. नाळी गरिबाच्या ताटातली भाजी आहे, तिला हात लावू नये.

आता उपाय. कोयत्याने छाटले की बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात. जेसीबी फिरवला की तुकडे होतात आणि पहिल्या पुरात ते खालच्या गावांच्या काठाला लागतात. तणनाशकाचा आग्रह धरणाऱ्यांना सांगणे भाग आहे की ग्लायफोसेट बेशरम आणि लव्हाळा यांत भेद करत नाही. त्याच्या अनेक मिश्रणांतले पसरवणारे द्रव्य बेडकांना घातक आहे. पाणवठ्याच्या काठावर ते फवारणे मला अक्षम्य वाटते.

उन्हाळ्यात पाणी उतरले, की वरच्या अंगाच्या गावापासून सुरुवात करावी. कुदळीने मुळासकट उपटावे, पूररेषेच्या वर नेऊन उन्हात पसरावे, पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. पावसाळ्यानंतर पुन्हा फेरी मारून कोवळे फुटवे उपटावेत, आणि मोकळ्या झालेल्या काठावर त्याच हंगामात वाळुंजाच्या फांद्या लावाव्यात. एका वर्षात हे संपत नाही. नाला सफाईच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या उपटणीची मजुरी लिहिलेली नसेल, तर ग्रामसभेने ते काम मंजूर करू नये.