चिलटाचे घड्याळ आणि रात्रपाळी

सकाळी सातच्या सुमारास वागळे इस्टेटच्या रस्त्यांवर दोन गर्दी समोरासमोर येतात. एक पहिल्या पाळीला निघालेली, दुसरी रात्रपाळी उरकून परतणारी. टपरीवर चहा दोघींनाही लागतो. शेजारच्या केळीवाल्याच्या गाडीवर चिलटांची लगबगही याच वेळी सुरू असते. पाळीने थकलेल्या शरीरात काय बिघडते, हे विज्ञानाला प्रथम या चिलटांनीच सांगितले.

हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला, फळमाशी. अमेरिकेत १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना तीन वेगळ्या तऱ्हेच्या माश्या सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तर तिसरीला दिवसरात्रीचा ताळच नाही. तिन्ही दोष 'पिरियड' या एकाच जनुकात होते. पुढे या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

यंत्रणा साधी आहे. या जनुकापासून 'पर' हे प्रथिन बनते. रात्री ते 'टिम' या जोडीदारासह पेशीकेंद्रकात शिरते आणि आपल्याच जनुकाचे काम थांबवते. दिवसा ते नष्ट होत गेले की जनुक पुन्हा कामाला लागते. या एका फेऱ्याला सुमारे २४ तास लागतात. माशीच्या मेंदूतील लाखाहून अधिक चेतापेशींपैकी जेमतेम दीडशे हे घड्याळ सांभाळतात. काही पहाटेची हालचाल, काही संध्याकाळची. उजेडाने 'टिम' मोडते. म्हणून रात्रीच्या सुरुवातीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, पहाटेचा पुढे.

माणसातही याच जातीची जनुके आहेत. मेंदूच्या तळाशी सुमारे २० हजार पेशींचे मुख्य घड्याळ असते. यकृत, स्वादुपिंड यांची घड्याळे त्याच्याशी मेळ राखतात. पाळी बदलली की हे मुख्य घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. ते जुळू लागते तोवर आठवडा संपून पाळी पुन्हा बदललेली असते. मध्यरात्री खाल्लेल्या वडापावाने रक्तातली साखर दिवसापेक्षा अधिक चढते. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्ककारक' गटात ठेवले.

रात्रपाळी बंद होणार नाही. रुग्णालयेही तिच्यावरच चालतात. पण पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा ठेवता येतो. माणसाचे घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असल्याने उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. दिवसा झोपायला अंधारी खोली, मध्यरात्री हलके जेवण आणि वर्षातून एकदा साखरेची व रक्तदाबाची तपासणी, हेही अवघड नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतच्या वाहनाचा विचार केला. पाळ्यांचे वेळापत्रक लिहिणाऱ्यांनी आता शरीरातल्या घड्याळाचाही करावा. त्यासाठी खर्च लागतो तो कागदाच्या एका तक्त्याचा.