राष्ट्राध्यक्षांची खतावणी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांविषयीच्या नवलकथांना तोटा नाही. अब्राहम लिंकन हे स्वतःच्या नावावर पेटंट असलेले एकमेव राष्ट्राध्यक्ष होत. उथळ पाण्यात रुतलेली नौका वर उचलण्याच्या युक्तीबद्दल ते त्यांना १८४९ साली मिळाले. हेच लिंकन व्यवसायाने वकील असूनही मृत्युपत्र न करताच गेले. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले अँड्र्यू जॉन्सन शिंपीकाम करीत आणि त्यांनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघांचा मृत्यू ४ जुलै या राष्ट्रीय दिनीच झाला. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत अशी माहिती उपयोगी पडते, आणि स्पर्धा संपताच विसरली जाते. परंतु या थोर पुरुषांच्या चरित्रातील एक भाग असा आहे की, तो विसरून चालणार नाही. तो भाग म्हणजे त्यांची खासगी खतावणी. जगातील सर्वांत धनाढ्य गणल्या गेलेल्या राष्ट्राचे प्रमुख किती वेळा कर्जबाजारी झाले आणि त्या कर्जाची किंमत अखेर कोणी मोजली, हे पाहिले म्हणजे सार्वजनिक पद आणि खासगी पैसा यांच्या नात्याविषयी काही मूलभूत प्रश्न उभे राहतात.

आरंभ पहिल्या राष्ट्राध्यक्षापासूनच करावा लागतो. १७८९ च्या वसंत ऋतूत जॉर्ज वॉशिंग्टन यांची निवड झाली तेव्हा त्यांच्या मालकीची हजारो एकर जमीन होती, पण हातात रोकड नव्हती. देणेकऱ्यांचे भागवून न्यूयॉर्कला शपथविधीसाठी जाता यावे म्हणून त्यांना अलेक्झांड्रिया येथील एका धनिकाकडून सहाशे पौंड कर्जाऊ घ्यावे लागले. मालमत्ता असणे आणि हाती पैसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक पाठ नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी असा प्रत्यक्षात उतरला. त्यानंतर वॉशिंग्टन यांनी जे केले ते अधिक लक्षणीय आहे. पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी वेतन नको, केवळ खर्च मिळाला तरी पुरे, असे सुचविले. स्वातंत्र्ययुद्धातही त्यांनी हीच प्रथा पाळली होती. मात्र काँग्रेसने हा देकार मानला नाही आणि राष्ट्राध्यक्षांचे वेतन वर्षाला २५,००० डॉलर ठरविले.

काँग्रेसचा हा आग्रह वरवर पाहता विचित्र वाटतो. फुकट मिळणारी सेवा नाकारण्यात कोणते शहाणपण? पण या प्रश्नाचा निकाल दोन वर्षे आधीच, १७८७ च्या घटनापरिषदेत लागला होता. वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्या परिषदेत असे मांडले होते की, सत्तेचा मोह आणि पैशाचा मोह एकाच पदावर एकत्र आले तर अनर्थ होतो. म्हणून कार्यकारी प्रमुखाला वेतनच असू नये. सभासदांनी त्यांच्या वयाचा मान राखून हे भाषण ऐकून घेतले आणि विषय बाजूस ठेवला. कारण उघड होते. बिनपगारी पद हे श्रीमंतांचे पद होते. ज्याच्या घरी चूल पेटण्यासाठी महिनाअखेरीची वाट पाहावी लागत नाही, त्यालाच त्यागाची भाषा परवडते. म्हणून घटनेत वेतनाची तरतूद झाली. आणि तिच्यासोबत असेही बंधन आले की, राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत त्याचे वेतन वाढविता येणार नाही आणि घटविताही येणार नाही. काँग्रेसने त्याला लालूच दाखवू नये आणि त्याची उपासमारही करू नये, असा हा दुहेरी बंदोबस्त होता.

परंतु वेतनाची सोय झाली तरी पदावरून उतरल्यानंतरची सोय झाली नव्हती. तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सासऱ्यांच्या वारशाबरोबर त्यांचे ब्रिटिश व्यापाऱ्यांकडील कर्जही जेफरसन यांच्या माथी आले होते. त्यात स्वतःच्या खर्चिक राहणीची आणि घर बांधण्याच्या हौसेची भर पडली. १८१५ साली त्यांनी आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरना काँग्रेसला विकला. आजच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा पाया या विक्रीने घातला गेला, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्या पैशाचा मोठा भाग सावकारांच्या घरी गेला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुढे एका मित्राच्या वीस हजार डॉलरच्या कर्जाला ते जामीन राहिले, १८१९ च्या मंदीत तो मित्र बुडाला आणि बोजा जेफरसन यांच्यावर आला. ४ जुलै १८२६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा देणे एक लाख सात हजार डॉलरांच्या वर गेले होते.

हे देणे कोणी फेडले? जानेवारी १८२७ मध्ये जेफरसन यांच्या माँटिसेलो येथील निवासस्थानी लिलाव झाला. घोडे, गुरे, शेतीची अवजारे यांच्याबरोबर सुमारे १३० गुलाम स्त्रीपुरुष आणि मुले विक्रीस काढण्यात आली. सर्व माणसे समान जन्माला येतात, असे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या पुरुषाच्या दारात कुटुंबेच्या कुटुंबे दुभंगली. खतावणीत डाव्या बाजूला ग्रंथ, मद्य आणि वास्तुशिल्प होते. उजव्या बाजूला माणसे होती. कर्ज एकाने काढावे आणि ते फेडण्यासाठी ज्यांना बोलण्याचाही अधिकार नाही त्यांनी विकले जावे, असा हा व्यवहार. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीचे आर्थिक वर्तन ही तिची खासगी बाब आहे, असे म्हणणाऱ्यांनी माँटिसेलोचा हा लिलाव डोळ्यांपुढे ठेवावा.

याच्या नेमके उलट उदाहरण युलिसिस ग्रँट यांचे आहे. यादवी युद्धापूर्वी सेंट लुईसच्या रस्त्यांवर जळाऊ लाकूड विकून ते कसाबसा संसार चालवीत होते. १८५७ च्या नाताळात घड्याळ गहाण टाकून त्यांनी २२ डॉलर उभे केल्याची नोंद आहे. या विपन्नावस्थेत त्यांच्या मालकीचा विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता. बाजारात त्याचे शेकडो डॉलर सहज आले असते. १८५९ साली ग्रँट यांनी न्यायालयात जाऊन त्याला विनामूल्य मुक्त केले. गरजवंत माणूस किती नीतिमान राहू शकतो, याचे मोजमाप अशा प्रसंगीच होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी हेच ग्रँट होते. निवृत्तीनंतरच्या जगप्रवासात, फेब्रुवारी १८७९ मध्ये, ते मुंबईतही येऊन गेले.

पण नीतिमान माणूस व्यवहारात शहाणा असतोच असे नाही. राष्ट्राध्यक्ष होताना ग्रँट यांना सैन्यातील पद आणि त्याबरोबरची हक्काची मिळकत सोडावी लागली होती. निवृत्तीनंतर एका तरुण भागीदारावर विसंबून त्यांनी वॉल स्ट्रीटवरील पेढीत नाव आणि पैसा गुंतविला. नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांना नफा वाटण्याचा तो प्रकार होता. मे १८८४ मध्ये पेढी कोसळली. कोसळण्याच्या दोनच दिवस आधी ग्रँट यांनी पेढी वाचविण्यासाठी व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाकडून दीड लाख डॉलर घेतले होते. त्यापोटी युद्धात मिळालेल्या तलवारी आणि मानचिन्हेसुद्धा त्याच्या स्वाधीन करावी लागली. त्याच वर्षी घशाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून मरणाशी शर्यत लावून त्यांनी आत्मचरित्र लिहिले, ते संपविले, आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, ते गेले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले आणि ग्रँट यांच्या पत्नीला त्यापोटी सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. हा शेवट सुखद वाटतो. परंतु ज्या राष्ट्राच्या माजी प्रमुखाला मृत्युशय्येवर लेखणी झिजवून घरच्यांची तजवीज करावी लागते, त्या राष्ट्राच्या व्यवस्थेत काही उणे आहे, असेच म्हणावे लागते.

ही उणीव भरून काढण्यास अमेरिकेला आणखी ७३ वर्षे लागली. माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९५८ साली झाला. त्याचे निमित्त हॅरी ट्रुमन होते. पद सोडल्यानंतर सैन्यातील सेवेबद्दल मिळणारे दरमहा ११२ डॉलर एवढेच त्यांचे निवृत्तिवेतन होते. कुटुंबाची शेतजमीन विकावी लागली, ती विकली नसती तर अन्नाला महाग झालो असतो, असे ते सांगत. राष्ट्राची मान खाली गेली. काँग्रेसने वर्षाला २५,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि कार्यालयाचा खर्च मंजूर केला. त्या वेळी हयात असलेले दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर स्वतः श्रीमंत होते आणि पदावर असताना त्यांनी वेतन दान केले होते. ट्रुमन यांना संकोच वाटू नये म्हणून त्यांनीही हे निवृत्तिवेतन स्वीकारले, असे सांगितले जाते.

आता खरे आश्चर्य पुढे आहे. ट्रुमन यांच्या कुटुंबाची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर पॉल कँपोस या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०२१ साली ती तपासून प्रसिद्ध केलेल्या लेखाने या करुणकथेचा पायाच हादरला. पद सोडताना आपली मालमत्ता सुमारे साडेसहा लाख डॉलर असल्याचा अंदाज ट्रुमन यांनी स्वतःच करून ठेवला होता. १९४९ साली राष्ट्राध्यक्षांचे वेतन एक लाख डॉलर झाले होते आणि त्याखेरीज वर्षाला ५०,००० डॉलरचा खर्चभत्ताही मंजूर झाला होता. म्हणजे ज्या दारिद्र्याच्या आधारावर कायदा झाला ते दारिद्र्य नव्हतेच! तथापि यावरून कायदाच चुकीचा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. निवृत्तिवेतन हे दयेपोटी दिलेले दान नसते. तो पदाच्या प्रतिष्ठेचा आणि निर्भयतेचा विमा असतो. चूक निवृत्तिवेतनात नव्हती. ज्याला द्यायचे त्याचा हिशेब न पाहता, केवळ त्याच्या शब्दावर कळवळून निर्णय घेण्यात ती होती.

हिशेब न पाहण्याची ही सवय किती महागात पडू शकते ते रिचर्ड निक्सन यांनी दाखवून दिले. वर्षाला दोन लाख डॉलर वेतन घेणाऱ्या या राष्ट्राध्यक्षाने १९७० साठी ७९२ डॉलर आणि १९७१ साठी ८७८ डॉलर एवढाच केंद्रीय प्राप्तिकर भरला होता. उपराष्ट्राध्यक्ष असतानाची आपली कागदपत्रे राष्ट्राला दान दिल्याचे दाखवून त्यांनी जवळपास पाच लाख डॉलरची वजावट मिळविली होती. आणि सवलतीची मुदत उलटून गेल्याने दानपत्रावर मागची तारीख घालण्यात आल्याचे पुढे उघड झाले. ‘मी लबाड नाही’ हे त्यांचे नोव्हेंबर १९७३ मधील उद्गार जगप्रसिद्ध आहेत. ते वॉटरगेटच्या घरफोडीविषयी नव्हे, तर स्वतःच्या कमाईविषयी बोलताना निघाले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७४ साली काँग्रेसच्या समितीने चार लाख ७६ हजार डॉलरची थकबाकी त्यांच्या नावावर काढली. यातून धडा घेऊन १९७८ साली राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे ही राष्ट्राची मालमत्ता ठरली, आणि त्यांच्या करविवरणाची दरवर्षी तपासणी करण्याचा नियम करखात्याने १९७७ पासून लागू केला.

परंतु नियम पुस्तकात असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या पहिल्या कारकिर्दीत वेतन दान करण्याची घोषणा केली आणि तिचे कौतुकही झाले. डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने त्यांची करविवरणे खुली केली, तेव्हा २०१७ साठी त्यांनी भरलेला केंद्रीय प्राप्तिकर ७५० डॉलर असल्याचे दिसले. सक्तीची वार्षिक तपासणी पदग्रहणानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सुरूच झाली नव्हती, हेही त्याच वेळी उघड झाले. जे वेतन दान केले त्याची जाहिरात होते. जो कर भरला नाही त्याचा हिशेब मात्र मागावा लागतो.

या साऱ्या कथांतून निघणारा अर्थ सरळ आहे. वेतन नाकारणारा नेता आपोआप निःस्वार्थी ठरत नाही, आणि वेतन घेणारा लोभी ठरत नाही. एक रुपया वेतनाच्या घोषणेने आपल्याकडेही माणसे भारावून जातात. अशा वेळी उरलेला खर्च कोठून चालतो, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नसून नागरिकत्वाचे लक्षण आहे. सार्वजनिक पदाला योग्य वेतन असावे, म्हणजे शिंप्याचा मुलगाही ते भूषवू शकेल. निवृत्तीनंतर सन्मानाने जगण्याची तरतूद असावी, म्हणजे पदावर असतानाच पुढच्या आश्रयदात्याचा शोध सुरू होणार नाही. आणि या दोहोंच्या मोबदल्यात पदाधिकाऱ्याची वही उघडी असावी. दरमहा हाती पडण्याआधीच ज्यांच्या पगारातून कर कापला जातो, त्या कारकुनाला आणि शिक्षकाला एवढे मागण्याचा अधिकार निश्चितच आहे. प्रजासत्ताकाचा प्रमुख कर्जबाजारी असणे ही लाजेची गोष्ट नव्हे. त्याचे कर्ज दुसरेच कोणी निमूटपणे फेडीत असणे, ही मात्र राष्ट्राच्या लाजेची गोष्ट होय.