सामुराई : तलवार कोणासाठी?

सामुराई म्हटला की डोळ्यांपुढे तलवार उभी राहते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात तर हटकून असेच होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या अमेरिकन गृहस्थांचा हा बैठा खेळ १९७४ साली निघाला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे कागदावर आपापले पात्र रचतात आणि फाशाच्या दानावर त्या पात्राचे बरेवाईट ठरते. आमच्या वसतिगृहात हा खेळ रंगतो. ज्याला त्याला सामुराई हवा असतो. पण तो असतो केवळ वार करणारे यंत्र. ही पद्धत मला पटत नाही.

प्रथम हिशेबच पाहू. पात्राचे गुण सहा : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. त्यांत वाटायचे आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. पुष्कळ जण बळ व काटकपणा भरून घेतात आणि शहाणपणाला ८ देऊन मोकळे होतात. परंतु २०१७ च्या नियमपुस्तकातील सामुराईला सातव्या पायरीवर दरबारी अदब लाभते; कोणाचे मन वळवताना शहाणपणाची भर पडते. शहाणपणच नसेल तर भर कसली पडणार? म्हणून १३ तिथे द्यावेत.

तिसऱ्या पायरीवर त्याला लढाऊ आवेश मिळतो. त्या खेपेच्या प्रत्येक वाराला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठे दान घ्यायचे; शिवाय घाव सोसण्याचे पाच गुण जादा. मात्र पुरती विश्रांती होईपर्यंत हा आवेश तीनदाच वापरता येतो. तो कोणासाठी खर्चावा, हे ठरवताना खरे पात्र घडते.

‘सामुराई’ या शब्दाच्या मुळाशीच सेवा हा अर्थ आहे. आपल्याकडचे उदाहरण मुरारबाजीचे. १६६५ साली पुरंदरच्या लढाईत दिलेरखानाने त्याला कौल देऊ केला, तो त्याने झिडकारला, असे सभासद बखर सांगते. त्याचा पराक्रम थोर खराच. पण आपल्या मनात तो राहिला तो त्या नकारामुळे. खेळातल्या सामुराईलाही असा एखादा मोह सूत्रधाराने जरूर घालावा.

इथे एक प्रश्न मला सतावतो. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील फुलसावंगीत दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचतात. जपानात १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला, आणि तो स्वतः सामान्य घरातून वर आलेला! त्या काळी माझ्यासारख्याच्या हाती तलवार राहिली नसती. खेळ मात्र जन्म विचारत नाही. मग आपण सरदाराचाच मुलगा का व्हावे?

अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ या १९५४ च्या चित्रपटात भाताच्या जेवणावर सात जण एका खेड्याचे रक्षण करतात. त्यांतला किकुचियो दुसऱ्याची वंशावळ दाखवून सामुराई म्हणवतो. असतो शेतकऱ्याचा पोर. मला सर्वांत जवळचा तोच वाटतो. माझ्या पात्राच्या कागदावर ‘धनी’ या रकान्यात मी सरदाराचे नाव लिहिलेले नाही. एका कोरडवाहू गावाचे लिहिले आहे. मित्र हसले. परंतु त्या गावावर संकट आले, तेव्हा शेवटचा आवेश कोणासाठी राखायचा हे मला विचारावे लागले नाही.

मित्रांनो, आकडे जरूर नीट मांडा. कमकुवत पात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. पण त्याआधी आपला सामुराई कोणाचे मीठ खातो, हे लिहा. उद्या पदवी हाती आल्यावर हाच प्रश्न आपल्यालाही पडणार आहे. त्याचा सराव खेळात झाला तर बिघडले कोठे?