क्वांटम शिकवा, पण गणितासकट

"या पोरांना क्वांटम कॉम्प्युटिंग कशाला? आधी आयटीआय करू द्या, पोटापाण्याला लागू द्या." उरल्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याचं आडनाव आता आधीच ओळखता येतं. स्वतःच्या मुलाला आठवीपासून जेईईच्या क्लासला घालणारेच हा सल्ला देतात.

उरला ही रायपूरची औद्योगिक वसाहत. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो अलॉयचे कारखाने. माझं पीएच.डी.चं क्षेत्रकार्य इथल्या कंत्राटी कामगारांच्या घरांत चालतं. त्यात छत्तीसगढी आहेत, ओडिया आहेत, भंडारा-गोंदियाकडून आलेली आपली माणसंही आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांवर इथं काळी भुकटी बसते. त्याच जिल्ह्यात, नवा रायपूरमध्ये, 2025 साली ए.आय. डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. भट्टीपुढे कोण आणि संगणकापुढे कोण, ही वाटणी जन्मावरून ठरत असेल तर तिला विकास म्हणू नका. तिचं जुनं नाव आपल्याला पाठ आहे.

केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. रक्कम 6,003.65 कोटी रुपये, मुदत 2030-31 पर्यंत. चार मुख्य केंद्रं कुठे? बंगळुरूची आयआयएससी आणि मद्रास, मुंबई, दिल्लीच्या आयआयटी. पैसा मात्र सगळ्यांच्या करातला. उरल्यातला मजूर साबणाच्या वडीवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतोच. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षण वरच्या जातींचं. वर ओतलेलं ज्ञान आपोआप खाली झिरपतं, हे तेव्हाही खोटं होतं.

आत पोहोचलेल्यांचं काय होतं? डिसेंबर 2023 मध्ये सरकारने संसदेत आकडे दिले. पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या 13,626 विद्यार्थ्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडलं.

आता दुसरी जमात. ही "शिकू नका" म्हणत नाही, ही प्रेरणा वाटते. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटम विज्ञान-तंत्रज्ञानाचं वर्ष जाहीर केलं, आणि व्याख्यानांना ऊत आला. अशाच एका कार्यक्रमात मी मागे बसले होते. एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर झालं, एकाच वेळी छापा-काटा दाखवणारं नाणं झालं, शेवटी "हे आपल्या ऋषींना ठाऊकच होतं" हेही झालं. अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, याला गणित किती लागतं?" उत्तर आलं, "गणिताला घाबरू नकोस, कल्पनाशक्ती पुरे."

गोड बोलून दार लावणं ते हेच. कारण क्युबिट म्हणजे मुळात दोन संख्यांची जोडी. त्यांच्या परिमाणांच्या वर्गांची बेरीज एक असते, आणि त्या वर्गांवरून 0 मिळेल की 1, याची संभाव्यता निघते. या संख्या ऋणही असू शकतात, म्हणून चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना खोडून काढतात. क्वांटम संगणकाची ताकद या खोडण्यात आहे. "सगळी उत्तरं एकदम तपासतो" हे अर्धसत्य आहे, कारण मोजल्यावर हाती एकच उत्तर लागतं. हे समजायला काय लागतं? संमिश्र संख्या, सदिश, आव्यूह, संभाव्यता. सगळं अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे. शाळेत गणिताचा शिक्षक मात्र हवा.

गणित काढून घेतलं की उरतं ते गूढ. आणि गूढाचे पुजारी कोण होतात, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायची गरज नाही.

दाखवायचंच असेल तर प्रयोग दाखवा. ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्मचे तीन तुकडे पुरतात. दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरले की अंधार होतो. मध्ये तिसरा 45 अंशांत सरकवला की उजेड परत येतो. असं का, हे सदिशांनी फळ्यावर मांडता येतं. पोरांना चमत्कारही दिसतो आणि त्यामागचा हिशेबही हाती लागतो.

ज्यांना आपल्या पोरांच्या डोक्याविषयी शंका आहे, त्यांनी मेघनाद साहा आठवावेत. छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या हिंदू होस्टेलमध्ये सवर्ण मुलांना तो पंगतीला चालत नव्हता. त्याच साहांनी 1920 मध्ये मांडलेल्या समीकरणाने ताऱ्यांचा प्रकाश वाचता येऊ लागला.

म्हणून आपली मागणी व्याख्यानांची नको. उरल्यासारख्या प्रत्येक वस्तीतल्या सरकारी शाळेत अकरावी-बारावीला गणित आणि भौतिकशास्त्राचा कायम शिक्षक हवा. क्वांटम मिशनच्या पैशातून कोणत्या समाजाचे किती संशोधक घेतले, याचा जाहीर हिशेब हवा. आणि तुमच्यापैकी जे बी.एस्सी., बी.ई. झालेत, त्यांनी वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारचे दोन तास द्यावेत. सुरुवात मांजरापासून नको, आव्यूहांच्या गुणाकारापासून करा.

जय भीम.