निळंशार म्हणजेच भारी?

मैत्रीण लक्षद्वीपला गेली आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. काचेसारखं निळंशार पाणी. लगेच एकाने दादर चौपाटीचा फोटो टाकला, ‘आणि हा आपला समुद्र. कटिंग चहा!’ मीही हसले. पण नंतर थोडं वाचलं आणि आता तो जोक पटत नाही.

भर समुद्राचं पाणी एवढं निळं दिसतं, कारण त्यात तरंगणारं फारसं काही नसतं. समुद्राचं गवत म्हणजे फायटोप्लँक्टन. डोळ्यांना न दिसणारे हे जीव पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांना शेतासारखंच ऊन हवं आणि खतही हवं. घोळ असा, की दोन्ही एका जागी क्वचितच भेटतात.

भर समुद्रात ऊन शंभरेक मीटर खाली पोचतं, पण वरच्या थरातलं नायट्रेट जवळजवळ संपलेलं असतं. शिवाय दुपारी पृष्ठभागावरचं ऊन इतकं कडक, की प्रकाशसंश्लेषण वाढायचं सोडून मंदावतं. म्हणून तिथे सगळ्यात जास्त हरितद्रव्य सापडतं ते खोलवर, मंद निळ्या उजेडात. खालून येणारं थोडंफार खत तिथेच मिळतं.

आपल्या किनाऱ्यावर नेमकं उलटं. नद्या खत आणतात, सोबत गाळही आणतात. निळा उजेड लवकर शोषला जातो, हिरवट तेवढा थोडा खाली उतरतो आणि काही मीटरवर अंधार. जुलैत मांडवी-झुआरीच्या खाड्यांत तर वर ढग, खाली गाळ. खत भरपूर, पण ऊन नाही! पाऊस ओसरला, पाणी निवळलं, की तेच खत कामी येतं. आपल्या ताटातली तारली याच सूक्ष्म वनस्पतींवर वाढते.

म्हणजे गढूळपणाची लाज वाटायचं कारण नाही. पण सगळा गढूळपणा सारखा नसतो, हेही खरं. भराव आणि ड्रेजिंगचा गाळ ऊन अडवतो. सांडपाण्याने खताचा अतिरेक होतो, प्लवक बेसुमार वाढतात, मरून कुजतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपतो. ‘आमचा समुद्र निळा करा’ असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याचं ऊन कोण अडवतंय, हे विचारायला हवं.

आणि विचारण्याआधी मोजूया ना! १८६५ मध्ये आंजेलो सेकी यांनी भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. ती पद्धत आजही वापरतात. कॉलेजच्या निसर्ग मंडळाला सहज जमेल. वजन लावलेली पांढरी तबकडी दोरीने जेट्टीवरून खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीला गाठ. त्याच्या साधारण दोन-तीनपट खोलीपर्यंत प्रकाशसंश्लेषणाला पुरेल एवढं ऊन पोचतं. दर महिन्याला एक गाठ. वर्षाअखेरीस आपल्याकडे बारा आकडे असतील. रील त्याचंही होईल की!