टीबीच्या घराला खैरात नको, हक्काचा शिधा हवा

गोवंडीत टीबी का हटत नाही, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. लोक गोळ्या अर्धवट सोडतात, स्वच्छता पाळत नाहीत, शिकलेले नाहीत. ‘ते लोक’ म्हणताना आवाजात काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. माझं म्हणणं सरळ आहे: दोष माणसांच्या सवयींचा कमी, त्यांच्या घराचा आणि ताटाचा जास्त आहे.

आधी घर बघा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथल्या पुनर्वसनाच्या इमारती तपासल्या होत्या. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या, की खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा. टीबीचा संबंध या कोंडलेल्या खोल्यांशी दिसला. झोपड्या हटवून लोकांना या खोल्या सरकारी योजनेनेच दिल्या.

आता ताट. जंतू अनेकांच्या शरीरात दबून असतो. उपाशी शरीरात तो उठतो. झारखंडच्या 4 जिल्ह्यांत ‘रेशन्स’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2023 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला. बाकीच्या घरांत इतरांनाही दिला: मोठ्या माणसामागे महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. जिथे सगळं घर जेवलं, तिथे घरच्यांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिलं. तांदूळ आणि डाळ! यासाठी कुठलं परदेशी औषध लागलं नाही.

मग सरकार काय देतं? निक्षय पोषण योजनेत 2018 पासून रुग्णाला महिना 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000. म्हणजे दिवसाला 33 रुपये, तेही एकट्याच्या नावावर. पोरं समोर बसलेली असताना कुठली आई स्वतःचं अंडं वेगळं खाते? घरच्यांसाठी काय, तर ‘निक्षय मित्र’. म्हणजे कुणी दाता पुढे आला तर शिधा, नाही तर नाही. मोहल्ला कमिटीने किट वाटावी, कंपनीने फोटो काढून टोपली द्यावी, त्याला माझा विरोध नाही. पण साथीचा आजार दात्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

‘व्यवस्था करणं अवघड आहे’ ही सबब तर मला सांगूच नका. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. निक्षय पोर्टलवर रुग्णाची नोंद आहे, पैसे थेट खात्यात जातात. रेशनकार्डावर घरातली माणसं मोजलेली आहेत. या दोन याद्या जोडणं हे नेहमीचं काम आहे. खरी अडचण कार्डच नसलेल्यांची आहे, कारण अन्नसुरक्षेचा कोटा अजून 2011 च्या जनगणनेवर अडकलाय. अशा घरांसाठी टीबीची नोंद हाच पुरावा मानावा.

2025 पर्यंत टीबी संपवू, 2015 च्या तुलनेत रुग्ण 80 टक्क्यांनी कमी करू, अशी घोषणा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लाखामागे 237 वरून 2023 पर्यंत आपण 195 वर आलो.

म्हणून वॉर्ड ऑफिसात, आमदारांकडे, आरोग्य केंद्रात एकच मागणी लावून धरा: उपचार सुरू झाला त्या दिवसापासून पूर्ण घराला डाळ, तेल, धान्य, आणि ते कायद्याने.