कॅबिनेट आपल्या वर्कशॉपमध्ये का नाही?

पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये आपण प्रत्येकाने पत्र्याचा एक ट्रे बनवला आहे. कोणाचा चौकोनी झाला, कोणाचा पतंगासारखा. जर्नलवर सही झाली, मार्क पडले आणि ट्रे भंगारात गेला. त्यात कधी कोणी मूठभर चिवडाही ठेवला नाही. फिटिंगचीही तीच गत. हाताला फोड येईपर्यंत कानस घासायची, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, सरांनी उजेडात धरून फट बघायची आणि पुढच्या आठवड्यात ते तुकडे कोपऱ्यातल्या ढिगात.

आणि त्याच वर्कशॉपपासून दोनशे पावलांवर, होस्टेलमध्ये, पोरं कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून महिनोन्‌महिने हिशेब मांडत बसलेली असतात. नागपूरला सीताबर्डीवर गेलं की दुकानदार आधी काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट समोर ठेवतो आणि मग उरलेल्या पैशात आत काय बसेल ते सांगतो. म्हणजे नवरदेवाआधी घोड्याचा खर्च. माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या वर्षाच्या शीट मेटलचा जॉब ट्रे नसून कॉम्प्युटरचं कॅबिनेट असावं, आणि होस्टेलवाल्यांनी स्वस्त, आटोपशीर मशीनची आखणी त्याभोवती करावी.

लगेच प्रश्न येईल, लॅपटॉप का नको? ज्याला दर शनिवारी एसटीने आर्वीला किंवा हिंगणघाटला घरी जायचं असतं, त्याने खुशाल लॅपटॉप घ्यावा. लाईट गेल्यावर बॅटरीवर चालतो हेही खरं. पण आमच्यासारखे तिघं एका खोलीत राहणारे, सुट्टीतही इथंच पडून असणारे, त्यांचा हिशेब वेगळा. स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम कधी कधी बोर्डलाच चिकटवलेली असते, कीबोर्ड बदलायचा तर सगळं उघडावं लागतं. डेस्कटॉपचा एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. तिघांत मिळून २५ हजारांची मर्यादा धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ हजार तीनशे आणि काही रुपये येतात. त्यातच मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं. मॉनिटर अर्थातच जुना.

हिशेब मांडण्याआधी अटी लिहाव्यात. ही युक्ती माझी नाही. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचा, एखाद्या डिझाइनच्या पेपरमध्ये शोभतील. यंत्र हलकं हवं, सहज नेता आलं पाहिजे, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता आलं पाहिजे. आठ तासांत १६ हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. त्या सगळ्या अटी एकत्र पुऱ्या करणारं यंत्र काही आलं नाही, बक्षीस तसंच राहिलं. पण अटी मात्र नमुनेदार.

गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासाशी नाव जोडलेला पेटी चरखा आपण सगळ्यांनी फोटोत तरी पाहिला आहे. मिटला की पेटी, उघडला की चरखा. चाकं, चात, सुताचं सामान सगळं आपापल्या जागी बसतं. पेटी नंतर आणून त्यात चरखा कोंबलेला नाही, पेटी हाच यंत्राचा सांगाडा आहे. वर्ध्यात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्याच हस्ते सुरू झालेलं. तिथं चरख्यांचे नमुने मांडलेले आहेत. मेकॅनिकलच्या पोरांनी एकदा फक्त जोडण्या बघायला म्हणून तिथं जाऊन यावं. पावसाळ्यात सेवाग्रामला फिरायला जातोच आपण, वाटेत थांबायला काय हरकत आहे?

आता आमच्या खोलीच्या अटी. खर्च २५ हजारांच्या आत. टेबलावर पुस्तकं ठेवून उरलेल्या जागेत मावलं पाहिजे. मे महिन्यात बंद पडता कामा नये. कुठलाही भाग साध्या फुल्लीच्या स्क्रूड्रायव्हरने काढता आला पाहिजे. आणि दुरुस्तीला वर्षाला १,२५० रुपयांहून जास्त लागू नयेत, चरखा संघाच्या हिशेबाने पाच टक्के. ग्राफिक्स कार्ड नाही. हे ऐकल्यावर आमचा रूम पार्टनर म्हणाला, "मंग त्याच्यावर गेम कोनचा चालन बे?" त्याला म्हटलं, जुने सगळे चालतील. ड्रॉइंग, कोडिंग, मॅटलॅब, प्रोजेक्टचा रिपोर्ट, रात्रीचा सिनेमा, एवढ्याला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं.

लहान मशीन म्हटलं की लोक लगेच मिनी-आयटीएक्स बोर्डाकडे धावतात. १७ बाय १७ सेंटीमीटरचा हा आकार व्हाया कंपनीने २००१ मध्ये आणला. दिसायला गोंडस, पण आपल्याकडे कमी खपतो, त्यामुळे त्याच कुवतीच्या मायक्रो-एटीएक्स बोर्डापेक्षा बहुधा महाग पडतो. लहान एसएफएक्स पॉवर सप्लायचंही तेच. म्हणजे लहान भाग घ्यायला जास्त पैसे, आणि लहान कॅबिनेटला आणखी जास्त. इथेच आपलं वर्कशॉप कामाला येतं. बाजारातलं कॅबिनेट कोणताही बोर्ड बसावा म्हणून मोठं केलेलं असतं. आपल्याला एकच बोर्ड बसवायचा आहे, जो आपल्या हातात आहे तोच. मायक्रो-एटीएक्सची कमाल मर्यादा २४.४ बाय २४.४ सेंटीमीटर, पण स्वस्तातले बरेच बोर्ड एका बाजूने अरुंद असतात. तेव्हा साधे, स्वस्त भाग घ्या आणि जागा मांडणीतून वाचवा.

आमची मांडणी अशी. बोर्ड तळाला आडवा, २४.४ बाय २१. त्याच्यासमोर नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय उभा. त्याची मापं १५ बाय १४ बाय ८.६ सेंटीमीटर. उभा असा ठेवायचा की त्याचा पंखा पुढच्या जाळीतून थंड हवा ओढेल आणि प्लगची बाजू कॅबिनेटच्या कुशीतून बाहेर दिसेल. म्हणजे २३० व्होल्टची वायर आतून फिरवायची गरजच नाही. मागे, पोर्टच्या वर, ९ सेंटीमीटरचा एक पंखा गरम हवा बाहेर टाकायला. प्रोसेसरच्या बरोबर वर झाकणाला भोकं. सगळं मिळून डबा २६ रुंद, ३२ खोल, १६ उंच. सव्वातेरा लिटर. साधा टॉवर ४५ बाय २० बाय ४२ धरला तर जवळपास ३८ लिटर होतो. एक मिलिमीटरचा पत्रा वापरला तर भोकं न धरता पत्र्याचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास येतं. क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले ७.८५, करून बघा.

प्रोसेसर कोणता, यावर भांडणं होतात, त्यात मी फार पडत नाही. नवा घ्यायचा तर ग्राफिक्स आतच असलेला कोणताही. पण २५ हजारांत मॉनिटरसकट बसवायचं तर जुन्याकडेच बघावं लागेल, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरची मागणी पुरवण्यात गुंतले आणि झळ आपल्या खिशाला. म्हणून ८ जीबीवर सुरुवात करावी, एक खाच रिकामी ठेवावी. दुसरीकडे एक संधीही आली आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलची सहाव्या-सातव्या पिढीची बहुतेक मशीनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. ऑफिसं ती बदलतात. त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू उत्तम चालतं. एवढंच की ऑफिसच्या ब्रँडेड मशीनचा बोर्ड, बटण आणि पॉवर सप्लायची जोडणी पुष्कळदा त्या कंपनीची खास असते, तेव्हा घेताना मूळ बटण, पंखा, पॉवर सप्लाय सगळं सोबत घ्या. बाजारच्या कॅबिनेटमध्ये असा बोर्ड बसत नाही. आपल्या हाताच्या डब्यात बसतो.

आता उन्हाळा. कॉम्प्युटरच्या परीक्षणाचे आकडे थंडगार खोलीत काढलेले असतात आणि आपण राहतो वर्ध्यात, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर. समजा पूर्ण भारावर एखादा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंश वर ठेवतो. खोली २५ वर असेल तर प्रोसेसर ७५, काही बिघडत नाही. खोली ४५ वर गेली की ९५, आणि रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरची मर्यादाच ९५ आहे. तिथं तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो मशीन हँग झालं. उपाय महागडा नाही. हाच प्रोसेसर ६५ वॉटऐवजी ४५ वॉटवर चालवता येतो, बायोसमध्ये सेटिंग असतं. त्याच हिशेबाने वाढ ५० ची ३५ अंशांवर येते आणि प्रोसेसर ८० वर राहतो. वेगात थोडा फरक पडतो, परीक्षेच्या दिवसांत तो चालतो. डेझर्ट कूलरच्या थेट झोताखाली मात्र डबा ठेवू नका, खोली थंड होते पण ती हवा ओली असते, कधी कधी तुषारही येतात. आणि पुढच्या जाळीला आतून बारीक जाळीचं कापड लावा, दर पंधरा दिवसांनी धुवा. आपल्या काळ्या मातीची धूळ कुठून शिरते ते देव जाणे.

हे सगळं खोलीत बसून करता येणार नाही असं एकच काम आहे, पत्रा. आणि त्यात शिकण्यासारखं खूप आहे. ट्रेला घडीचं माप चुकलं तर कोणाला कळतही नाही. एक मिलिमीटरचा पत्रा काटकोनात वाकवला की प्रत्येक घडीमागे बाहेरच्या मापात पावणेदोन ते दोन मिलिमीटरचा फरक धरावा लागतो. दोन घड्यांना जवळजवळ चार. मागच्या पोर्टची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर असते, तिथं चार मिलिमीटर सरकलं की यूएसबीचं पोर्ट पत्र्याआड. बेंड अलाउन्स परीक्षेत लिहिणं वेगळं आणि असं भेटणं वेगळं. इलेक्ट्रिकलवाल्यांना अर्थिंग बघता येईल. रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूखालचा रंग खरवडला नाही तर पॉवर सप्लायची अर्थ डब्यापर्यंत पोचते का, ते मल्टिमीटर लावून कळतं. आधी सगळी भोकं पाडायची, कडा घासायच्या, लोखंडाचा कीस झटकायचा आणि मगच बोर्ड आत न्यायचा. पॉवर सप्लायचं स्वतःचं झाकण मात्र कोणीही उघडू नये, प्लग काढल्यावरही. आतल्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर दाब काही वेळ राहू शकतो.

मला ठाऊक आहे, प्राध्यापकांची अडचण काय असेल. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, जॉबची यादी ठरलेली, बॅच मोठी, मशीनं थोडी. पण यादीत "पत्रा आखणे, कापणे, वाकवणे, जोडणे" याच क्रिया असतात, आणि कॅबिनेटला त्या सगळ्या लागतात. एका विद्यार्थ्याने पूर्ण डबा करायची गरज नाही. चौघांचा गट करा. एकाने तळ, एकाने झाकण, एकाने मागची बाजू, एकाने पुढची जाळी. मग चारही भाग जुळतात की नाही हे तपासायला परीक्षकही लागणार नाही, स्क्रू बसला की समजलं. पत्रा थोडा जास्त लागेल हे मान्य. होस्टेलवाले तो वर्गणीतून आणायला तयार आहेत, मी चार खोल्यांत विचारून बघितलं आहे. आमच्या वर्कशॉपमधले काका तर म्हणाले, "आणा कागद, पाहू." कागद म्हणजे ड्रॉइंग. त्यांच्या भाषेत हा होकार असतो.

वॉर्डन सरांनाही एक विनंती. खोलीत हीटर आणि इस्त्री नको हा नियम रास्तच आहे, पण त्यात कॉम्प्युटर ओढला जाऊ नये. मॉनिटरसकट हे मशीन शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपास राहील. हवं तर मीटर लावून मोजून दाखवू.

बोर्ड आला आहे, जुन्या ऑफिस मशीनमधला पण साध्या मायक्रो-एटीएक्स मापाचा. त्यावर पुठ्ठा ठेवून भोकं उतरवली आहेत आणि बुटांच्या खोक्यांचा पूर्ण आकाराचा नमुना खोलीत तयार आहे. पॉवर सप्लायच्या जागी सध्या त्याच मापाचं साबणाचं खोकं आहे. मापं तपासायला, चुका काढायला कोणीही यावं, मेसच्या रात्रीच्या जेवणानंतर आम्ही खोलीतच असतो. व्हर्नियर असेल तर घेऊन या, आमच्याकडे फक्त पट्टी आहे.